पाच झाडांचा ताण

भूतानच्या सहलीत आम्ही एकवीस दिवस अडकलो होतो, असं मी आजवर अमरावतीच्या निम्म्या आणि परतवाड्याच्या झाडून सगळ्या लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे सहा दिवस. परत आल्या आल्या मी आठ सांगायचो, माझ्या लग्नापर्यंत त्याचे पंधरा झाले, आणि पोरगी कॉलेजात गेली तोवर एकवीस. आमची ही म्हणते, तुमी अजून दहा वर्षं जगले तर तुमचा जन्मच तिथला निघन. म्हणून हे लिहायला बसताना ठरवलं की या प्रकरणात आकडे खरे घालायचे. जिथे हात सुटेल तिथे माझं मीच सांगेन.

आमची बाग परतवाड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. संत्र्याची हजार झाडं. (साडेचारशे. पाहा, पहिल्याच आकड्याला हात सुटला.) घर बागेतच, घराला लागून विहीर आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन. त्या इंजिनाच्या टुकटुकीवर आमचं घर चालायचं. माय त्याच ठेक्यात भाकरी थापायची, बाबा त्याच ठेक्यात तंबाखू मळायचे, आणि मी त्याच ठेक्यात पाढे म्हणायचो, म्हणून माझे पाढे कधी चुकले नाहीत, नुसते लांबले. तिखटाचं तर विचारू नका. मायच्या हातचा ठेचा असा, की तो वाटला जायचा तेव्हा रस्त्यावरून जाणारी एसटी थांबायची आणि ड्रायव्हर डोळे पुसून पुढे जायचा.

पण वर्षातून दीड महिना ते इंजिन बंद असायचं. संत्र्याच्या झाडाचं असं असतं की त्याला सारखं पाणी मिळत राहिलं तर ते लाडावतं, नुसतं पानांत जातं, फळ धरत नाही. म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, वळतात, थोडी गळतात. झाडाला वाटतं आपलं आता काही खरं नाही. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की ते अख्खं फुलांनी भरून जातं. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात, आणि त्यात बाबांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ताणाच्या दिवसांत एका झाडाला चुकून तांब्याभर पाणी गेलं तरी त्यांना ते पानावरून कळायचं. घर मुकं होऊन जायचं. बाबा एरवीच कमी बोलायचे, ताणात तेवढंही नाही. आणि शाळेतून आलो की मला पाटाच्या तोंडावर राखणीला बसवायचे, कुणी गुरं पाजायला घरच्या हौदाचं पाणी पाटात सोडू नये म्हणून. बसायचं, बस्स. समोर साडेचारशे तहानलेली झाडं, आणि तिथून उठायची सोय नाही. मी गोष्टी रचायला शिकलो तो तिथे. एकदा धापा टाकत घरी गेलो आणि सांगितलं की पाटावर बिबट्या आला आहे, म्हणून उठलो. बाबांनी मान वर न करता म्हटलं, "त्याले म्हण, तूही बस."

पुढे मी अकोल्याला शेतकी शिकायला गेलो आणि सुटलो असं वाटलं. शेवटच्या वर्षी शैक्षणिक सहल निघाली ती थेट भूतानला. तिथे म्हणे डोंगरउतारावर संत्री होतात, ती कशी होतात ते पाहायचं. आम्ही अठ्ठावीस पोरं-पोरी, आणि बरोबर फळबाग शिकवणारे तायडे सर, ज्यांचं प्रत्येक वाक्य 'तसं पाहिलं तर' ने सुरू होऊन 'पण सांगता येत नाही' ने संपायचं. गाडी अकोल्याहून निघाली आणि बडनेऱ्याला थांबली तेव्हा फलाटावर माय आणि बाबा उभे. मायने खिडकीतून डबा दिला: दशम्या, तिळाची चटणी, ठेच्याची बरणी, आणि वर शेवचिवडा, भूतानचे सगळे लोक जेवतील इतका. बाबांनी फक्त एवढं सांगितलं, "तिथं संत्र्याले पाणी कसं देतात ते पाहून येजो. बाकी काही नाही पाह्यलं तरी चालते."

थिंफू, पारो, किल्ल्यांएवढे मठ, कड्याला चिकटलेलं ते प्रसिद्ध देऊळ, हे सगळं मी इथे सोडून देतो. कुणालाही विचारा, आता तर सगळेच जाऊन येतात. आमचं प्रकरण सुरू होतं ते परतीला, खाली दक्षिणेकडच्या संत्र्याच्या टापूत. पावसाळा संपला असं आम्हाला सांगितलं होतं, पण पावसाला कुणी सांगितलं नव्हतं. एका वळणावर बस थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता. डोंगराचा एक तुकडा येऊन रस्त्यावर बसला होता. ड्रायव्हरने अर्ध्या तासाच्या खटपटीने बस वळवली, दोन वळणं मागे गेला, तर तिथेही डोंगर खाली आलेला. पुढे दरड, मागे दरड, डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला चढण आणि चढणीवर सात घरांचं गाव. नेमका पहिली दरड दिसली त्याच क्षणी मी शिंकलो होतो. संध्याकाळपर्यंत मी गावभर केलं की दरड माझ्या शिंकेने पडली. पोरं खूप हसली, सरही हसले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

गावाने आम्हाला वाटून घेतलं. माझ्यासह नऊ जण एका म्हाताऱ्याच्या घरी आले. नातवंडं मेमे म्हणायची, म्हणजे आजोबा, म्हणून आम्हीही मेमेच म्हणू लागलो. बुटका, वाळलेला, गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा झगा कमरेला आवळलेला, पाय उघडे. घरात त्यांची सून पेमा आणि तिची दोन लेकरं. मुलगा दूर कुठे रस्त्याच्या कामावर. पेमाला हिंदी यायची, हिंदुस्थानी मजुरांबरोबर काम करून शिकलेली, आणि आमचं सगळं बोलणं तिच्या तोंडून चालायचं. घर लाकडाचं, खाली लाकूडफाटा, आणि वर जायला एकाच ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी. वर एक मोठी खोली, मध्ये चूल, धुराने काळ्या झालेल्या तुळया, आणि खिडकीच्या चौकटीवर रंगवलेली फुलं. खिडकीबाहेर काही नाही. धुकं. सहा दिवस त्या खिडकीतून मी पांढऱ्या रंगाखेरीज काही पाहिलं नाही. दारात गेलं की पाऊस, पायवाटेवर गेलं की घोट्यापर्यंत चिखल, आणि कुठूनतरी अधूनमधून दगड गडगडत जाण्याचा आवाज. रोज सकाळी पेमा सांगायची, रास्ता कल खुलेगा. उद्या, उद्या. त्या खोलीत नऊ माणसांच्या ओल्या मोज्यांचा वास, आणि जेवणात तांबडा भात आणि मिरचीची भाजी. मिरची घातलेली भाजी नाही, मिरचीचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. पहिल्या घासाला मी बढाई मारली की आमच्या घरी तान्ह्या लेकरांना यापेक्षा तिखट घुटी देतात. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पेमाने विचारलं तेव्हा मी सांगितलं की मायची आठवण आली. तिने कणवेने मला अजून दोन डाव वाढले.

आणि घंटा. डोंगराच्या खालच्या अंगाला, धुक्यात, कुठेतरी एक घंटा होती. टण. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टण. सकाळी, दुपारी, आम्ही निजलो तरी, उठलो तरी. ती ना जोरात व्हायची ना हळू. दुसऱ्या दिवशी पोरं वेडीपिशी व्हायला आली. बाहेर जाता येत नव्हतं, आत बसवत नव्हतं, आणि डोक्यावर ते टण. आमच्या नऊ जणांतला माझा मित्र मिलिंद, अकोल्याचाच, भिंतीला टेकून मोजायला लागला. मी सगळ्यांना सांगितलं की दोन घंटांच्या मध्ये बरोबर पन्नास आकडे होतात. मिलिंद म्हणाला, "सात. कावून फेकून राहिला बे?" सातच होते. पण मला एवढ्यावर थांबवेना. मी सांगून टाकलं की खाली गुहेत एकशे दहा वर्षांचा लामा आहे, तो झोपत नाही, जेवत नाही, हाताने घंटा वाजवतो, आणि ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी डोंगर खाली येईल. पोरं दोन दिवस त्या लाम्याबद्दल बोलत होती. तिसऱ्या दिवशी मलाही तो दिसायला लागला. दाढी, नखं, सगळं. आजही मला स्वतःच्या गोष्टींचा तेवढाच धोका आहे, बाकी कुणाच्या नाही.

मिलिंदचं मात्र त्या घरात वेगळं जमलं. त्यांच्या घरी अकोल्यात रोज बुद्धवंदना व्हायची. पहिल्या संध्याकाळी तो कोपऱ्यातल्या मूर्तीपुढे बसला आणि सवयीने बुद्धं सरणं म्हणू लागला. मेमे चुलीपासून उठले, येऊन त्याच्या शेजारी बसले, आणि डोळे मिटून आपलं काहीतरी पुटपुटू लागले. शब्द वेगळे, चाल वेगळी, पण दोघं बरोबर संपले. त्यानंतर मिलिंदच्या ताटात चीज जास्त आणि मिरची कमी पडू लागली. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. त्या घरात त्याची किंमत होती, आणि मी नुसता शिंकेवाला.

तेवढ्यात मला संधी मिळाली. पाचव्या दिवशी पाऊस थांबला, धुकं राहिलं. मेमेंनी पेमाकडून विचारलं की तुम्ही संत्र्याचे विद्यार्थी ना, मग आमची पाच झाडं पाहा. घराच्या वरच्या बाजूने पाण्याचा एक पाट यायचा, वर कुठल्यातरी ओढ्यातून काढलेला, आणि पाटाच्या काठावर ती पाच झाडं. हिरवीगार, दाट, पहिलवानासारखी. आणि एकावरही फळ नाही. मेमे म्हणाले, सहा वर्षांत नाही. सरांनी पान चोळलं, माती चोळली, आणि सांगितलं की तसं पाहिलं तर अन्नद्रव्यं कमी असू शकतील, पण सांगता येत नाही. मी तर पाहताक्षणी ओळखलं होतं. बारमाही वाहता पाट आणि काठावर झाड. लाडावलं होतं. बाबा असते तर एका शब्दात निकाल लावून निघून गेले असते. मी म्हटलं, "दो महीने में फूल आएगा. मैं लगाके जाऊंगा." मेमेंनी हात जोडले. सर माझ्याकडे पाहून हसले, पोरं हसली. कसं, ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण करून दाखवायचं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर, तो लोणी-मिठाचा चहा, मी कुदळ उचलली आणि पाटाच्या काठाने वर गेलो. झाडांच्या वरच्या अंगाला एक जागा पाहिली, पाटाचा काठ दोन हात फोडून पाणी बाजूच्या घळीत वळवलं, आणि पाटात मातीची ढेकळं रचून बांध घातला. आमच्याकडे लहान पोरगंही हे करतं. काळ्या मातीचं ढेकूळ एकदा बसलं की लोखंड. पाचही झाडांचं पाणी तुटलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. सहा दिवसांत पहिल्यांदा त्या जागेत मी काहीतरी केलं होतं. हात धुऊन वर येऊन बसलो, आणि पेमाने भात वाढला.

अर्धं जेवण झालं असेल. कुणाच्या ते आधी लक्षात आलं सांगता येणार नाही. मेमेंचा घास हातात राहिला. लेकरांची बडबड थांबली. मिलिंदने भिंतीकडे पाहत ओठांनी मोजलं, सात, आठ, नऊ, वीस. घंटा नव्हती. ती शांतता मला ओळखीची होती. आमचं इंजिन बंद पडल्यावरची. मी हळूच पेमाला विचारलं, लामा सो गया क्या? कौन लामा, ती म्हणाली. मग तिने सांगितलं की खाली पाटावर एक खोपटं आहे, त्यात मंत्र लिहिलेल्या कागदांनी भरलेलं पिंप आहे, ते पाण्यावर फिरतं. पिंपाचा एक फेरा म्हणजे आतला सगळा पाठ एकदा झाला, आणि प्रत्येक फेऱ्याला घंटा. मेमेंनी ते बायको गेल्यावर बसवलं. तिच्यासाठी. तेव्हापासून थांबलं नव्हतं.

मेमे उठले. झग्याला सुरा खोवला, काठी घेतली, शिडी उतरून धुक्यात गेले. पेमा त्यांच्यामागे शिडीपर्यंत ओरडत गेली, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं होतं की पाटाचं मूळ वर तुटलं. पाटाचं मूळ त्याच कड्याखाली होतं जिथून दरड आली होती, आणि तिथे कालही दगड पडत होते; तिकडची पायवाटही पाट सोडून वेगळीच चढत जायची, म्हणजे मी फोडलेला काठ त्यांना वाटेत दिसणार नव्हता. ती म्हणाली, कोणाचं ऐकणार नाहीत, ते पाणी आणायला गेले आहेत.

मी उठून सरांपाशी गेलो, शेजारच्या घरी, आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "सर, पाणी म्या तोडलं. झाडाले ताण द्याले."

सर म्हणाले, "हाव. आणि दरडही तूच पाडली."

सगळे हसले. मी शपथ घातली, तर अजून हसले. मी आईची शपथ घातली, तर एक पोरगी म्हणाली, याची माय ठेचा वाटते तेव्हा एसटी थांबते. मिलिंदही माझ्यामागून आला होता. तो हसला नाही, पण माझ्याकडे असं पाहिलं की हा आता कुठे थांबणार आहे. सहा दिवस मीच बांधलेल्या भिंती होत्या, आणि दार ठेवलं नव्हतं.

मी पळालो. पहिला विचार असा, की फोडलेला काठ बुजवतो, पाणी येईल, पिंप फिरेल, घंटा ऐकून म्हातारा मागे वळेल. तिथे जाऊन पाहतो तर मी फोडलं होतं ते दोन हातांचं तोंड राहिलंच नव्हतं. ती माती काळी नव्हती. लाल, भुरभुरी, हातात घेतली की पिठासारखी. पाण्याने काठ खात खात खाट मावेल एवढं भगदाड पाडलं होतं, आणि माझी ढेकळं कुठे होती तेही कळेना. मी दोन्ही हातांनी माती लोटत होतो आणि ती माझ्या हातांवरून वाहून जात होती. वर धुक्यात कुठेतरी एक दगड सुटला आणि बराच वेळ गडगडत गेला. मी मेमे, मेमे ओरडलो. धुक्यात आवाज जातो कुठे आणि येतो कुठून, काही समजत नाही.

मग मी खाली पळालो. कोरड्या पाटातून, घसरत, खोपटापर्यंत. आत माणसाएवढं उंच पिंप, तांबड्या-सोनेरी अक्षरांनी भरलेलं, आणि वर लाकडाची खुंटी, जी फेऱ्यागणिक घंटेवर आपटायची. मी पिंपाची खालची कड धरली आणि रेटली. जड होतं. फिरलं. टण. अजून जोरात रेटलं. टण, टण, टण. आणि माझ्या डोक्यात आलं की हे बरोबर नाही. गावात लग्न असल्यासारखी घंटा वाजली तर म्हाताऱ्याला कळेल की पाणी नाही, कुणीतरी पोरखेळ करून राहिलं, आणि तो आणखी वर जाईल. पाणी फिरवतं तसंच फिरवायला हवं. सात. एक जास्त नाही, एक कमी नाही. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, टण. हात हिसका द्यायला पाहायचे, मी धरून ठेवायचो. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जेवढी होती तेवढीच करायची होती, आणि खरं सांगतो, त्याहून कठीण काम मी केलेलं नाही. किती वेळ ते विचारू नका. घड्याळ नव्हतं. हाताची साल गेली तेव्हा मी शर्टाची बाही गुंडाळली. खोपट्याला एकच लहान दार आणि दारात तेच पांढरं धुकं. ऐकू गेलं की नाही, वळला की नाही, आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. थांबून पाहावं तर घंटा थांबणार. मी तिथे कोंडला गेलो होतो आणि कडी माझ्याच हातात होती. मधे एकदा मी रडलो असेन. मोजायचं चुकलो नाही.

मग दारात उघडे पाय दिसले. गुडघ्यापर्यंत लाल चिखल.

मेमे वाकून आत आले. पिंपाकडे पाहिलं, खालच्या कोरड्या पाटाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मी फिरवतच होतो. मला वाटलं काठी बसणार. ते दारातच उकिडवे बसले आणि दोन फेरे ऐकले, डोकं जरा कलतं करून, बाबा विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे तसे. मग पिंपाला हात लावून, कपाळाला लावून, उठून गेले. मला थांब म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने वरून मिलिंदचा आवाज आला, सरांचा आला, कुदळींचा आला. मेमेंनी सगळ्यांना भगदाडावर नेलं होतं आणि दगड-फांद्या घालून काठ बांधायला लावला होता. मी खाली मोजत होतो. दुपार कलली तेव्हा पाटात पाणी आलं, आणि पिंप माझ्या हातातून आपलं आपण निघून गेलं. मी पुढचे दोन-चार फेरे नुसताच कड धरून त्याच्याबरोबर फिरलो, कारण बोटं सुटत नव्हती.

मिलिंद आत आला. म्हणाला, "तुनंच तोडलं होतं?"

"हाव."

"मंग तसं सांगायचं ना बे."

संध्याकाळी मेमेंनी चुलीपाशी मला शेजारी बसवलं, माझ्या हातांना लोणी चोळलं, आणि पेमाला काहीतरी म्हणाले. पेमा हसू दाबत म्हणाली, "मेमे पूछते हैं, फल कब आएगा?" दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि बस निघाली. वरच्या वळणावर धुकं पहिल्यांदा फाटलं आणि समोरचा कडा दिसला. पाटाच्या मुळाकडे जाणारी पायवाट मध्येच संपत होती. तिथे ताजी लाल माती होती, ती आदल्या दुपारनंतरची होती, असं ड्रायव्हरने सांगितलं. मी इथे काही वाढवलेलं नाही.

घरी आल्यावर मी सगळ्यांना लाम्याची गोष्ट सांगितली. बाबांना नाही. त्यांना सांगितलं ते दीड-दोन महिन्यांनी, ताण सुरू व्हायच्या आदल्या दुपारी, पाटाच्या तोंडावर. सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ते तंबाखू मळत ऐकत राहिले. मग विचारलं, "बांध कायचा घातला?"

"ढेकळाचा."

"माती काळी होती?"

"नाही. लाल. भुरभुरी."

"मंग वाहीनच ना." आणि जरा वेळाने, "म्हातारा आला ना वापस?"

"आला."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. जगात पहिल्यांदा माझ्या एका खऱ्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला होता, आणि तोही 'खरं का' असं न विचारता. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद केलं, सगळे पाट मोडले, ताण बसला. संध्याकाळी मी विहिरीकडे गेलो तर घरच्या पाण्याच्या हौदाचं बूच थोडं सैल होतं, आणि बोटाएवढी धार एका चरातून कडेच्या एका झाडाकडे जात होती. मला वाटलं चुकून राहिलं. मी वाकलो तर मागून बाबा म्हणाले, "राहू दे. एक वाहू दे."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आता इंजिन नाही, ठिबक आहे, आणि पाणी मोबाइलवरून सुरू-बंद होतं म्हणतात, माझा नातू करतो. ते झाडही कधीच वाळलं. त्याच जागी दुसरं लावलं, आणि त्याचीही धार ताणात चालू ठेवतो. हिरवंगार, दाट, पहिलवान. फळ नाही. बाग पाहायला येणारे व्यापारी विचारतात, काका, याले फळ कावून नाही? मी सांगतो, वीज पडली होती. कुणाला सांगतो, याच्याखाली बिबट्या निजतो. कुणाला लाम्याचा शाप सांगतो. सगळे मान डोलावतात.

मागच्या हिवाळ्यात मिलिंद आला होता, गुडघ्याला पट्टा बांधून, अकोल्याहून. बाग फिरत त्या झाडापाशी आला आणि थांबला. चरातल्या पाण्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने पाहतो तर त्याचे ओठ हलत होते. मीही त्याच्याबरोबर मोजू लागलो, आणि सातला दोघंही थांबलो.